वादळग्रस्तांना मदत पाठवायची, ती कशी?

कुठेतरी मोठे वादळ होते. घरे पडतात. माणसे उघड्यावर येतात. बातमी रेडिओवर लागते, आता तर ती मोबाईलवरही येते. मग गावात पारावर बोलणे सुरू होते. कोणी म्हणतो, "अरेरे, फार वाईट झालं!" कोणी म्हणतो, "आपण काहीतरी पाठवलं पाहिजे." तिसरा विचारतो, "पण पाठवायचं काय? आणि कोणाच्या हाती?"

इथेच गाडी अडते. द्यायची इच्छा पुष्कळांना असते. पसाभर धान्य द्यायला कोणी नाही म्हणत नाही. पण ते धान्य गोळा कोणी करायचे, पोचवायचे कसे, आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्याच हाती ते पडले हे कसे ओळखायचे, याचा विचार कोणी करत नाही. तो आपण आज करू.

आधी वादळ म्हणजे काय ते समजून घेऊ. ते समजले म्हणजे नुकसान कसे होते ते कळते. नुकसान कळले म्हणजे मदत कोणती लागते तेही कळते.

चक्रीवादळ समुद्रावर तयार होते. समुद्राचे पाणी उन्हाने चांगले तापते. त्या पाण्याची वाफ होऊन वर जाते. वाफेबरोबर हवाही वर जाते. मग खाली हवा विरळ होते. तिथे हवेचा दाब कमी होतो. ती जागा भरायला चहूकडून वारे धाव घेतात. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरते ना? म्हणून ते वारे सरळ येत नाहीत. ते गोल फिरू लागतात. आपल्या भागात ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. जाते फिरते तसे हे वादळ फिरते. जात्याच्या मधोमध खुंटा असतो, तसा वादळाच्या मध्यभागी एक शांत भाग असतो. त्याला वादळाचा डोळा म्हणतात.

हा डोळा फार फसवा. तो गावावर आला की वारा एकदम पडतो. लोकांना वाटते, सुटलो! ते घराबाहेर येतात, उडालेले पत्रे गोळा करू लागतात. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूचा वारा येतो, आणि तो उलट्या दिशेने येतो. पहिल्या वाऱ्याने खिळखिळे झालेले घर या वाऱ्याने पडते. म्हणून वारा थांबला तरी सरकारी सूचना मिळेपर्यंत बाहेर पडू नये.

वादळ जमिनीवर आले की त्याला समुद्राची वाफ मिळत नाही. मग त्याचा जोर ओसरतो. म्हणून सगळ्यात जास्त मार किनाऱ्याला बसतो. हेच वादळ अमेरिकेच्या बाजूच्या समुद्रात झाले तर त्याला हरिकेन म्हणतात. चीन-जपानकडे झाले तर टायफून म्हणतात. नावे निराळी, जात एकच.

आपल्या देशात पूर्व किनाऱ्यावर अशी वादळे पुष्कळ येतात. १९७७ साली नोव्हेंबर महिन्यात आंध्र प्रदेशात दिवीसीमा नावाच्या भागात वादळ आले. त्याबरोबर समुद्राची मोठी लाट गावांत शिरली. हजारो माणसे बुडून मेली. १९९९ साली २९ ऑक्टोबरला ओडिशात त्याहून जबर वादळ आले. सुमारे १०,००० माणसे दगावली. पुढे तिथे सरकारने आणि लोकांनी मिळून चांगली तयारी केली. किनाऱ्याजवळ पक्क्या निवाऱ्याच्या इमारती बांधल्या. गावोगाव माणसे शिकवून ठेवली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर पुन्हा मोठे वादळ आले, तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवले होते. वादळ तसेच जबर होते, पण मेलेल्या माणसांची संख्या फार कमी राहिली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. २०२० साली ३ जूनला, मिरगाच्या तोंडावर, निसर्ग नावाचे वादळ आले. हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. आपल्या भागातल्या वादळांना कोणती नावे द्यायची हे १३ देश मिळून ठरवतात. त्या दिवशी दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. एस.टी. गाडी हमरस्त्यावर धावते त्याच्या जवळजवळ दुप्पट म्हणा ना.

हजारो लोकांना आदल्या दिवशीच शाळांत नि इतर पक्क्या इमारतींत नेले होते. त्यामुळे माणसे वाचली. पण बाकीचे? मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, तसेच पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड आणि दापोली, या भागांत घरांची कौले आणि पत्रे उडाले. शाळांची छपरे गेली. विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. मोबाईलही बंद. मुंबईतल्या मुलाला गावाकडची आई जिवंत आहे की नाही हे दोन-दोन दिवस कळेना.

आणि वाड्या गेल्या. वाडी म्हणजे नारळ-पोफळीची बाग. घाटावरच्या वाचकाला हे नीट कळावे म्हणून थोडे सांगतो. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे. तिथे एकेका घराची वाडी थोड्याच गुंठ्यांची असते. उंच नारळ, त्याखाली पोफळी, पोफळीवर मिरीचा वेल, मधे जायफळ. एवढ्याशा जागेवर घर चालते. आजोबाने लावायचे, नातवाने खायचे, अशी ती शेती. आपली ज्वारी बुडाली तर पुढच्या हंगामाला पुन्हा पेरता येते. पोफळीचे तसे नाही. रोप लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. एका दुपारी आडवी झालेली वाडी पुन्हा उभी व्हायला अर्धा जन्म जातो.

त्यातच तेव्हा करोनाची साथ होती. टाळेबंदी होती. दुकाने नीट उघडत नव्हती. छपराला पत्रे मिळेनात. आणि पाऊस तर आठवड्यावर आलेला.

अशा वेळी बाहेरून मदत निघते. आता ती कशी असावी ते बघू.

आधी विचारा, मग पाठवा

मदत करणाऱ्याने पहिले काम करायचे ते विचारण्याचे. वादळ झालेल्या गावातल्या एका माणसाशी तरी बोलावे. सरपंच असो, शाळेतले गुरुजी असोत, आशाताई असो, की आपल्या गावात नांदायला आलेल्या सुनेचे माहेर असो. "तुमच्याकडे काय नाही?" एवढेच विचारावे. फोन लागत नसेल तर त्या जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात विचारावे. त्याचा नंबर १०७७ आहे. दुसऱ्या जिल्ह्यातून लावताना त्या जिल्ह्याचा कोड आधी लावावा लागतो.

गरज रोज बदलते, हे ध्यानात धरा. पहिल्या दोन-तीन दिवसांत पिण्याचे पाणी लागते, तयार खाणे लागते, औषध लागते. तुमचे गाव दूर असेल तर तुमची गाडी तोवर पोचतच नाही. मग चपात्या भाजून पाठवण्यात अर्थ नाही. त्या वाटेत बुरसतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ताडपत्री, मेणबत्त्या, काडेपेट्या, कंदील, तांदूळ, डाळ, तेल, मीठ यांची गरज लागते. पुढे कौले, पत्रे, खिळे, वासे. मुलांच्या वह्या. त्याच्याही पुढे रोपे.

ताडपत्रीचे मोल घाटावर लवकर कळत नाही. तिकडे जूनमध्ये पाऊस लागला की उघडत नाही. छप्पर उडालेल्या घरात चूल पेटत नाही, अंथरूण सुकत नाही, साठवणीचे धान्य भिजते, म्हातारी माणसे नि तान्ही मुले आजारी पडतात. निसर्ग वादळाच्या वेळी ज्याला पहिल्या आठवड्यात ताडपत्री मिळाली त्याचे उरलेले घर वाचले. ज्याला ती महिन्याने मिळाली त्याच्या मातीच्या भिंतीही गेल्या. म्हणून आम्ही म्हणतो, एकच वस्तू पाठवता येत असेल तर जाड, चांगली ताडपत्री पाठवा, आणि तिच्याबरोबर दोरी पाठवा. दोरी पाठवायची लोक हमखास विसरतात.

धान्य पाठवताना तिकडचे लोक काय खातात ते विचारावे. कोकणात तांदूळ खातात, नाचणी खातात. आपण मोठ्या मायेने ज्वारी पाठवली, तर ती दळायची कुठे? वीज नाही, गिरणी बंद. पीठ पाठवले तर दमट हवेत त्याला जाळी लागते. तेव्हा तांदूळ आणि डाळच बरी.

जुनी लुगडी, फाटके सदरे

आता एक नाजूक गोष्ट. मदत म्हटली की लोकांना पहिल्यांदा जुने कपडे आठवतात. घरात कपाट भरलेले असते. "चला, त्या बिचाऱ्यांना देऊ." झालं! कॉलर उसवलेले सदरे, बटणे तुटलेल्या विजारी, विरलेली लुगडी, एका पायाचा बूट, सगळे पोत्यात जाते.

२००४ साली २६ डिसेंबरला समुद्रात भूकंप होऊन सुनामीच्या लाटा आल्या. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, नागपट्टिणम भागात, फार हानी झाली. देशभरातून कपड्यांच्या गाड्या गेल्या. तिथल्या कोळी लोकांनी ते जुने कपडे घेतले नाहीत. का घ्यावेत? त्यांचे घर वाहून गेले होते, पण ते काही भिकारी नव्हते. काल-परवापर्यंत स्वतःच्या होडीवर कमावून खाणारी ती माणसे. कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले, पावसाने कुजले. ते उचलायला पुन्हा माणसे लावावी लागली. गूंज नावाच्या संस्थेने पुढे त्यातले पुष्कळ कपडे गोळा केले, निवडले, धुतले आणि कामाला लावले. म्हणजे दान करणाऱ्यांनी न केलेले काम दुसऱ्यांना करावे लागले.

आमचा हिशोब सोपा आहे. जो कपडा आपल्या पाहुण्याला हातात देताना लाज वाटेल तो पोत्यात घालू नये. द्यायचाच असेल तर धुवून, घडी करून, बायकांचे, पुरुषांचे, मुलांचे असे वेगळे बांधून द्यावा. नवे टॉवेल, नवी परकर-चोळी, चादरी यांची गरज नेहमी असते. आणि बायांना महिन्याच्या अडचणीचे कपडे किंवा पॅड लागतात. हे कोणी मोठ्याने मागत नाही. म्हणून गावातल्या बचत गटाच्या बायांनी ते आपणहून यादीत घालावे. समितीत सगळे पुरुषच असले तर हे नेमके राहून जाते.

गावात गोळा कसे करावे

समिती म्हटली की लोक नाक मुरडतात. पण पैसा आणि धान्य गोळा करायचे तर चारचौघांनी मिळून करावे. एकट्या माणसाने केले तर तो कितीही प्रामाणिक असो, मागून कुजबुज होतेच. म्हणून चावडीवर नाही तर देवळात सगळ्यांना बोलवावे आणि पाच माणसे निवडावीत. त्यांत दोन बाया असाव्यात. गावातल्या सगळ्या वस्त्यांतले कोणी ना कोणी असावे. पैसे एकाकडे, वही दुसऱ्याकडे, असे असावे. ज्याच्याकडे पैसे, त्याच्याकडेच वही असे करू नये.

पावतीपुस्तक आणावे. पावत्यांवर ओळीने नंबर असावेत. १०० रुपये दिले तरी पावती, १० रुपये दिले तरी पावती. धान्य दिले तर "तांदूळ, ५ किलो" असे पावतीवर लिहावे.

तुम्ही म्हणाल, हे लिहिण्याचे काम मास्तरांचे. का बरे? आता तुम्हाला लिहिता येते. हा मजकूर तुम्ही वाचत आहात ना? मग नाव, आकडा आणि तारीख लिहिणे तुम्हाला जड नाही. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल, आकडा बरोबर हवा.

कोणावर जबरदस्ती करू नये. घरटी अमुक रुपये द्यायलाच हवेत, असे ठरवले की गरिबाला कर्ज काढून द्यावे लागते. ज्याची त्याची ऐपत ज्याला त्याला माहीत. ज्याच्याकडे पैसा नाही तो पोती शिवील, गाडी भरील. त्याचेही नाव वहीत लिहावे.

समजा, एका गावात २०० घरे आहेत. १५० घरांनी १०० रुपये दिले. ३० घरांनी ५० रुपये दिले. २० घरांना देता आले नाही. गावच्या दूध संस्थेने ५,००० रुपये दिले. मग वहीत असे लिहावे:

जमा
१५० घरे, प्रत्येकी १०० रुपये: १५,००० रुपये
३० घरे, प्रत्येकी ५० रुपये: १,५०० रुपये
दूध संस्था: ५,००० रुपये
एकूण जमा: २१,५०० रुपये

खर्च
२० ताडपत्र्या, प्रत्येकी ६०० रुपये: १२,००० रुपये
मेणबत्त्या, काडेपेट्या, दोरी: १,२०० रुपये
टेम्पोचे भाडे: ६,००० रुपये
पावतीपुस्तक आणि वही: १०० रुपये
एकूण खर्च: १९,३०० रुपये

शिल्लक: २,२०० रुपये

हा हिशोब मोठ्या कागदावर लिहून पंचायतीच्या भिंतीवर लावावा. दुकानदाराच्या पावत्या वहीला टाचून ठेवाव्यात. कोणी येऊन विचारले, "टेम्पोला सहा हजार कसे लागले?" तर रागावू नये. त्याला पावती दाखवावी. त्याने १०० रुपये दिले आहेत, विचारायचा त्याला हक्क आहे.

टेम्पोचा खर्च बघून काही जण म्हणतील, "इतका पैसा वाटेतच गेला!" म्हणणे खोटे नाही. म्हणूनच दूरच्या वादळाला वस्तू पाठवण्यापेक्षा पैसे पाठवणे पुष्कळदा बरे पडते. तिकडच्या बाजारात दुकाने उघडली असतील, तर त्याच पैशांत तिथे जास्त माल येतो आणि तिथल्या दुकानदाराचाही धंदा उभा राहतो. मुख्यमंत्री सहायता निधीला बँकेतून चेकने पैसे पाठवता येतात. जवळच्या चार-पाच गावांनी मिळून एकच गाडी केली तर भाडेही वाटून जाते.

एक सावधगिरी मात्र हवी. मोठे संकट आले की चोरही जागे होतात. मोबाईलवर चौकोनी ठिपक्यांचे चित्र येते, खाली लिहिलेले असते, "वादळग्रस्तांना मदत करा." ते चित्र कोणी पाठवले, पैसे कोणाच्या खात्यात जातात, हे बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. पैसे जाण्याआधी पडद्यावर खात्याचे नाव दिसते. ते वाचा. तिथे संस्थेचे नाव नसून भलत्याच माणसाचे नाव असेल तर थांबा. आपला गुप्त पिन आणि फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका.

गाडी कुठे थांबते?

माल नीट बांधावा. तांदळाच्या पोत्यात साबण घालू नये, तांदळाला वास लागतो. प्रत्येक पोत्यावर ठळक अक्षरांत लिहावे: आत काय आहे, किती आहे, कोणत्या गावाने पाठवले. पाऊस असेल तर पोत्यावर प्लास्टिक घालावे. हे अगदी किरकोळ वाटते. पण रात्री, अंधारात, पन्नास पोती उघडून बघायची वेळ आली म्हणजे लिहिलेल्या पोत्याची किंमत कळते.

जो तो आपली गाडी घेऊन निघाला तर काय होते? कोकणातले घाटरस्ते अरुंद. झाडे पडलेली. त्यातून विजेचे खांब घेऊन जाणाऱ्या गाड्या, झाडे कापणारे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, रुग्णवाहिका, सगळे त्याच वाटेने जायचे. त्यांच्या मधे आपल्या दहा गाड्या उभ्या राहिल्या तर मदतीचीच अडचण होते. म्हणून निघण्याआधी तिकडच्या तहसील कचेरीत विचारावे. कोणत्या गावाला जायचे ते तेच सांगतील.

नाही तर असे होते. गाडी हमरस्त्यावरच्या पहिल्या गावात थांबते. तिथे लोक जमतात. माल वाटून होतो. फोटो निघतात. गाडी परत फिरते. दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी येते, तीही तिथेच थांबते. त्या गावाला तीनदा तांदूळ मिळतो. आणि डोंगराच्या कुशीतली कातकरी वाडी, खाडीच्या टोकाचा कोळीवाडा, गावकुसाबाहेरची वस्ती, यांना काहीच मिळत नाही. तिथवर गाडी जात नाही, डोक्यावर वाहून न्यावे लागते. आमचे म्हणणे असे, की गाडी थांबेल तिथून पुढे चालत जायची तयारी ठेवूनच निघावे. आपल्याबरोबर चार धट्टीकट्टी पोरे न्यावीत.

वाटप यादीप्रमाणे करावे. गाडीवर उभे राहून पाकिटे फेकू नयेत. जो दांडगा तो घेतो, म्हातारी मागे राहते. यादी त्या गावातल्या लोकांकडूनच करून घ्यावी, आणि ती करताना एक प्रश्न मुद्दाम विचारावा: "यात कोण राहिलं?" विधवा, एकटी राहणारी म्हातारी, भाड्याच्या खोलीतले मजूर, रेशनकार्ड दुसऱ्या गावाला असलेले कुटुंब, ही माणसे यादीतून गळतात.

मजुरांचे तर जास्तच. वाडी पडली तर वाडीच्या मालकाचा पंचनामा होतो. पण त्या वाडीत पोफळीवर चढून सुपारी काढणारा, नारळ सोलणारी, शिंपणे करणारा, यांचे काय? त्यांच्या नावावर झाड नाही, म्हणून कागदावर त्यांचे नुकसान नाही. रोजगार मात्र वर्षानुवर्षांचा गेला. सरकारी मदत ज्याच्यापर्यंत पोचत नाही त्याच्यापर्यंत गावाची मदत पोचली तर ती खरी कामी आली.

घेणाऱ्याचा फोटो काढण्याची आजकाल फार हौस आहे. हिशोबाला पोत्यांचा फोटो पुरतो. हात पसरलेल्या बाईचा फोटो गावोगाव फिरवू नये.

हात पाठवा

निसर्ग वादळात लोकांना सगळ्यात जास्त कशाची चणचण भासली असेल? पडलेली झाडे उचलणाऱ्या हातांची. अंगणात नारळ आडवा, विहिरीवर आंबा आडवा, वाडीत तर पाय ठेवायला जागा नाही. घरात दोन म्हातारी माणसे, मुले मुंबईला. झाड तोडायला मजूर लावायचा तर मजुराचेही घर पडलेले.

ज्या गावाकडे द्यायला पैसा नाही, त्याने दहा माणसे पाठवावीत. करवती, कुऱ्हाडी, कोयते, दोर, घमेली बरोबर घ्यावीत. झाडे कापायचे यंत्र कोणाकडे असेल आणि ते चालवायची सवय असेल तर उत्तमच. आपला शिधा, अंथरूण आणि पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. मदतीला गेलेल्या माणसांना जेवू घालायचे ओझे त्या गावावर पडू नये. कौले चढवणारे सुतार-गवंडी, मोटार दुरुस्त करणारा, वायरमन, यांना तर दोन्ही हातांनी नमस्कार करून न्यावे.

तिथे काम करताना पडलेल्या विजेच्या तारेला हात लावू नये. वीज बंद आहे असे कोणी सांगितले तरी लावू नये. महावितरणच्या माणसाने सांगितल्यावरच तिथले झाड कापावे. विहिरीत पाला-फांद्या पडलेल्या असतात. ते पाणी उपसून, औषध टाकून मगच वापरावे. औषध किती टाकायचे ते आरोग्य केंद्रातल्या माणसाला विचारावे. तोवर पाणी उकळून प्यावे. जुलाब लागले तर क्षारसंजीवनीचे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजावे.

अजून एक काम आहे, आणि ते तुमच्यासारख्या नव्याने लिहायला शिकलेल्या माणसाला करता येते. वादळानंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामे करतात. पडलेले घर, पडलेली झाडे मोजून लिहितात. त्यावर सरकारी मदत ठरते. पण लोक घाईने पडझड साफ करतात, मग दाखवायला काही उरत नाही. म्हणून आधी मोबाईलवर फोटो काढावेत. झाडे मोजून वहीत लिहावीत: नारळ किती, पोफळी किती, आंबे किती. अर्ज लिहावा, त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवावी आणि तिच्यावर कचेरीचा शिक्का घ्यावा. शेजारच्या म्हातारीला लिहिता येत नसेल तर तिचा अर्ज तुम्ही लिहून द्या.

हे मोजणे किती महत्त्वाचे, बघा. २०२० साली फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये मदत ठरली. आधीच्या दरापेक्षा ती पुष्कळ जास्त होती. पण एक हेक्टर म्हणजे सुमारे १०० गुंठे. मग एका गुंठ्याला आले ५०० रुपये. ज्याची वाडी १० गुंठ्यांची, त्याला ५,००० रुपये. त्या दहा गुंठ्यांत नारळ-पोफळीची दाटी असते. पडलेली झाडे कापून बाहेर काढायलाच तेवढा पैसा लागतो. म्हणून बागायतदार म्हणू लागले, "जमीन मोजू नका, झाडं मोजा." पुढे सरकारने नारळ-पोफळीला झाडामागे मदत देण्याचे ठरवले. तेव्हा ज्याच्या वहीत झाडांचा आकडा लिहिलेला होता त्याचे काम सोपे झाले.

महिना गेल्यावर

पहिल्या पंधरा दिवसांत गाड्यांची रीघ लागते. महिन्याने कोणी फिरकत नाही. बातम्या बदलतात. २०२१ साली मे महिन्यात तौक्ते नावाचे दुसरे वादळ कोकणच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. तेव्हा निसर्ग वादळाने पाडलेल्या कित्येक वाड्यांत नवी रोपे नुकती रुजत होती.

पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही. मोठी झाडे होती तेव्हा त्यांची सावली मिळत होती. आता वाडी उघडी पडली. म्हणून आधी केळी लावतात, केळीच्या सावलीत पोफळीचे रोप वाढवतात. केळीचे उत्पन्न मधल्या काळात थोडा आधार देते. म्हणजे त्या शेतकऱ्याला केळीचे मुनवेही हवेत आणि पोफळीची रोपेही हवीत. ही मदत वादळाच्या आठवड्यात कोणी मागत नाही, कोणी देतही नाही.

वरच्या हिशोबात २,२०० रुपये शिल्लक उरले होते, आठवते ना? ते घाईने खर्च करू नयेत. बँकेत ठेवावेत. पुढच्या मिरगाच्या आधी त्याच गावाला पुन्हा फोन करावा, किती रोपे हवीत ते विचारावे. रोपे जवळच्या सरकारी रोपवाटिकेतून घ्यावीत. त्यांची पावती त्याच वहीला टाचावी आणि हिशोबाचा दुसरा कागद पंचायतीच्या भिंतीवर लावावा.